सासूबाईंचे गुडघे

ठरलं होतं ते असं: घळीच्या तोंडाशी पोचलो की सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवून "मला नाही बाई जमायचं" म्हणायचं, आणि मी लगेच म्हणायचं, "मग मी थांबते आईंसोबत, तुम्ही दोघं जाऊन या." मोटेलच्या नाश्त्याच्या खोलीत, नवरा आणि लेक गाडीत सामान भरत असताना, आम्ही दोघींनी हे पक्कं केलं. कल्पना सासूबाईंचीच. "गुडघे माझे आहेत, कुणाला शंका यायची नाही," असंही म्हणाल्या.

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिणेला वाळवंटात अशा घळी आहेत. पुराच्या पाण्याने तांबडा कातळ वरपासून खालपर्यंत चिरत नेलेला. उंची तीन-चार मजल्यांची आणि रुंदी कुठेकुठे एका माणसाची, तीही आडवं होऊन सरकलं तर. आम्ही राहतो त्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटमध्ये ओळखीच्या प्रत्येक घराने तिथे जाऊन फोटो काढलेत. लेक दोन वर्षं मागे लागली होती. यंदा शाळेच्या स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत मला आणखी सबब सापडली नाही.

बंद जागेत माझा श्वास अडकतो. लेक पोटात असताना, सातव्या महिन्यात, पुण्याच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत मी आणि सासूबाई. पाऊण तास मी काय काय केलं ते फक्त त्यांनी पाहिलंय. बाहेर आल्यावर त्यांचा हात धरून म्हटलं, हे कुणाला सांगू नका, तुमच्या मुलालासुद्धा. "नाही गं," म्हणाल्या. तेव्हापासून ऑफिसात मी चार मजले जिना चढते आणि लोक मला फिटनेसवाली समजतात.

लपवण्याला कारण होतं. माझ्या आईला पाण्याची भीती. ती तिने आम्हा भावंडांना इतक्या मायेने वाढली की आमच्यातल्या एकालाही आज पोहता येत नाही. समुद्रावर गेलो तरी आम्ही चपला हातात घेऊन कोरडे उभे. मी ठरवलं होतं, माझी भीती माझ्यापाशीच संपवायची. चौदा वर्षं लेकीला ताकास तूर लागू दिली नाही.

गाडीपासून घळीपर्यंत वाळूतून दीड मैल चालायचं होतं. सासूबाई सलवार-कमीज आणि नातीची टोपी घालून सगळ्यांच्या पुढे. तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एकदा मी मागून हळूच "आई, गुडघे" म्हटलं, तर त्यांनी दहा पावलं लंगडून दाखवलं आणि पुन्हा सुटल्या.

घळीच्या तोंडाशी त्या ठरल्याप्रमाणे एका दगडावर बसल्या. गुडघ्यावर हातही ठेवला. मी तोंड उघडणार इतक्यात लेक त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आजी, चल ना. यू केम ऑल द वे. मी तुझा हात धरते."

सासूबाईंनी आत पाहिलं. आतून नारिंगी उजेड येत होता. आणि त्या उठल्या.

"आई, गुडघे?" मी म्हटलं.

"आज जरा बरे वाटतायत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

नवरा म्हणाला, "मग तूही चल, एकटी काय करणार इथे?" मला काही सुचायच्या आत सासूबाईंनीच उत्तर दिलं. "तिला आग्रह करू नकोस रे. तिला कोंडल्यासारखं होतं. लिफ्टमध्ये नव्हतं का झालं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण तेवढ्यावर थांबलं नाही. मी घाबरून लेकीकडे पाहिलं, तर ती पाठीवरची बॅग काढून पोटाशी घेत होती. "आय नो," ती म्हणाली. "बाबाने सांगितलंय कधीच. इट्स ओके, आई." बाबाला कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती.

तिघं आत गेले. मी त्या दगडावर बसले. मॉलमध्ये लिफ्टपाशी "तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येते, तेवढाच व्यायाम" असं म्हटलं की बापलेक किती शहाण्यासारखी मान हलवायचे, ते आता एकेक करून आठवायला लागलं. मला वाटायचं, नाटक मी करतेय. नाटक ते करत होते, आणि माझ्यापेक्षा चांगलं. सासूबाईंचा तर इतका राग आला की त्यांचं पुण्याचं परतीचं तिकीट अलीकडचं करता येईल का, हेही मनात येऊन गेलं. मधेच घळीतून एक अमेरिकन जोडपं बाहेर आलं. पाठीवर वर्षाचं मूल, मागे कुत्रा. फार सुंदर आहे, जाच आत, असं त्या बाईने मला सांगितलं. माझे गुडघे दुखतात, मी म्हटलं.

अर्ध्या तासात लेक आणि सासूबाई परत आल्या. नवरा पुढे फोटो काढत राहिला होता. "आजीचे गुडघे दुखायला लागले," लेक म्हणाली आणि लांब सावलीत जाऊन बूट काढून बसली.

सासूबाई माझ्याशेजारी टेकल्या, पाणी प्यायल्या. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला आता कळलं होतंच.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," त्या कुजबुजल्या. "तीच घाबरली. अरुंद जागा आली आणि पाय हलेनात तिचे. ओठ पांढरे पडले पोरीचे. बाप पुढे गेलेला, त्याला पत्ता नाही. हात धरून मागे आणली मी. सांगू नकोस म्हणालीय."

"कुणाला?"

"तुला."

"मला का नाही?" माझा आवाज चढला. "माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला कळणार आहे ते?"

सासूबाई जरा घुटमळल्या. एवढं एक तरी पोटात ठेवावं असं त्यांना वाटलं असावं. पण नाही जमलं. "म्हणाली, आईला सांगू नकोस, ऐकून तिला बरं वाटेल."

लेक पाठमोरी बसून बुटातली वाळू झटकत होती. एकेका बुटाला फार वेळ लावत होती. स्वतःच्या आईबद्दल असं कुणी बोलतं का? मला वाटलं, उठून तिच्यापाशी जावं आणि म्हणावं, तुझ्यासाठी मी चौदा वर्षं जिने चढले. पण उठले नाही. कारण "तीच घाबरली" हे कानावर पडलं तेव्हा, काळजी वाटायच्या आधी, क्षणभर मला बरं वाटलं होतं.