जर्मन गज

धुळ्यात आमच्या शेजारी राहणारे भाऊ व्हायोलिन वाजवतात. त्यांचा गज जुना, जर्मनीत घडवलेला. "तारेवर नुसता ठेवा, आपला आपण चालतो. टोकाला असा हलका, की सूर तुटतच नाही," हे ते बोटावर गज तोलत मला रोज ऐकवतात. मी मान डोलावतो.

त्यांच्या आईला, अक्कांना, ते पटत नाही. आमच्याकडे जर्मन म्हणजे ॲल्युमिनियमचं भांडं. "हाऊ ते लाकूडना शे. तुले फसाडं रे कोनी," त्या म्हणतात.

परवा भाऊंनी आईसमोर माझी साक्ष काढली. मला डोळे मिटायला लावले आणि आधी एका, मग दुसऱ्या गजाने वाजवलं. एक जर्मन, एक बाजारातला साधा. खरं सांगतो, मला दोन्ही सारखेच वाटतात. हे त्यांना सांगायचा धीर कधी झाला नाही. "दुसरा जर्मन," मी ठोकून दिलं. तो साधा निघाला.

भाऊंनी दोन्ही गज व्हायोलिनच्या पेटीत ठेवले. मग म्हणाले, "एका पेटीत राहून त्यालाही गुण लागला."

"मंग ती पेटी मन्हा पातेलाजोडे ठेव," अक्का म्हणाल्या, "लाकूडबी जर्मन व्हई जाई."

आज सकाळी गेलो, तर पेटी खरंच स्वयंपाकघरात होती, पातेल्याला टेकून.