मैदान खराब आहे असं मी लिहिलं

मी हे लिहावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत हमाल, आई विड्या वळते. चार लोकांसाठी म्हणून मी पहिल्यांदा लिहिलं ते बारावीत. गल्लीतल्या मोठ्या माणसांनी सांगितलं म्हणून पानभर पत्र लिहून दिलं, आणि त्या पत्रामुळं आमच्या फुटबॉल क्लबचं मैदान हातचं जायची वेळ आली. ते मैदान माझ्या वडिलांनी पोरासारखं सांभाळलेलं होतं. अशा माणसानं पुन्हा कागद हातात घेतलेला कुणाला आवडला नाही, तर ते मला समजू शकतं. तरी लिहितो. चुकलं तर क्षमा करावी.

मैदान वखारींच्या मागं आहे. जागा सरकारी. खेळासाठी म्हणून क्लबला वापरायला दिलेली, आणि खेळ चालू असेपर्यंत ती क्लबकडंच राहील अशी अट. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा खेळाडू म्हणून फार काही नव्हते. "दोन मॅच खेळलो, दोन्ही येळला आपल्याच गोलात घातला," असं ते स्वतःच सांगायचे. मग क्लबनं त्यांना खेळायचं सोडून मैदान बघायला सांगितलं. त्याचा पगार नव्हता. वखारीत जायच्या आधी सकाळी ते मैदानातून एक फेरी मारत आणि दिसतील ते खडे वेचून शर्टाच्या ओच्यात भरत. शनिवारी संध्याकाळी रूळ फिरवत. रविवारी सकाळी दोन खिळ्यांना दोरी ताणून, बुडाला भोकं पाडलेल्या डब्यातून चुन्याची फक्की सोडत उलटं चालत जात. मान वर करत नसत. रेघ सरळ आली की थोडा वेळ तिच्याकडं बघत उभे राहत. तेवढा वेळ त्यांना कुणी हाक मारलेली चालत नसे.

रविवारी मॅचला गल्लीतल्या बायका सुपं घेऊन बांधावर बसत. सोमवारी विड्या कारखान्यात द्यायच्या असत, त्यामुळं सुट्टीच्या दिवशीही हात थांबवून चालत नसे. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, डोळे मैदानात. आई त्यांच्यात बसे. खेळ मंद झाला की त्यांची तोंडं सुरू होत.

"ए लंबू, जेवून आला न्हाईस व्हय रं?"

"बॉल हाय त्यो, जावई न्हवं! मार की लाथ!"

गोल झाला की सुपं कलंडायची आणि मग सगळ्या मिळून सांडलेला तंबाखू गोळा करत, ज्यानं गोल मारला त्यालाच शिव्या देत.

बाहेरून आलेल्या संघांना आमच्या हवेची सवय नसे. वखारीत तंबाखू चाळायचं काम निघालं की बारीक धूळ मैदानावर यायची. पाहुणे पहिली दहा-पंधरा मिनिटं शिंकण्यात घालवत आणि तेवढ्यात आमची पोरं एक गोल करून मोकळी होत. दुसऱ्या संघाचा कोच एकदा पंचांकडं तक्रार घेऊन गेला होता. पंच त्याला उत्तर देणार, तेवढ्यात पंचांनाच शिंक आली.

मी बारावीत होतो त्या वर्षी आमचा क्लब वरच्या साखळी स्पर्धेत गेला. यात प्रत्येक संघाशी दोनदा खेळायचं असतं, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. आपल्याकडं होते ती घरची मॅच. क्लबला केवढा आनंद झाला होता. पण वरची स्पर्धा म्हणजे लांबलांबचे प्रवास, बूट, डॉक्टर, राहणं, खाणं. दोन-तीन महिन्यांतच क्लबचे सेक्रेटरी, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, ते सुकून गेले. त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांनी दुकानातलं किती घातलं ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हा राज्याच्या पार दक्षिणेकडच्या एका शहरातून एक गृहस्थ आले. त्यांनी तिकडं दिव्यांचं नवं मैदान बांधलं होतं, पण तिथं खेळायला संघ नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं. तुमच्या घरच्या मॅच आमच्याकडं खेळा. घरचा संघ म्हणून नाव तुमचंच राहील. तिकीट, जाहिरात आमची. येणं-जाणं आमच्याकडून, वर क्लबला पैसे.

अण्णांनी मैदानातच सगळ्यांना गोळा करून हे सांगितलं. मग बांधावरून एक म्हातारी आक्का म्हणाली, "घरची मॅच म्हणं आणि खेळायची धा तासांवर. मग घर कुणाचं रं?"

"आक्का, एक वर्षाचा प्रश्न हाय," अण्णा म्हणाले. "क्लब जगला तर मैदान."

त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही.

अडचण नियमाची होती. घरची मॅच दुसरीकडं न्यायची तर स्वतःचं मैदान खेळण्यास योग्य नाही, असं क्लबला लेखी द्यायला लागत होतं. कारण दुसरं कुठलंही चालत नव्हतं. पत्र कन्नडमध्ये हवं होतं, त्याची एक प्रत जागा ज्या खात्याची त्यांच्याकडं जाणार होती, आणि मैदान बघणाऱ्याची सही त्यावर लागत होती. आमच्या गल्लीत कन्नड बोलणारे सगळे. नीट लिहिणारा त्या वेळी मी एकटा. अण्णा स्वतः आमच्या दारात आले. आईनं त्यांना चटई टाकली. ते खाली बसून म्हणाले, "तुमच्या पोराकडं काम हाय." आईनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं, ती मी विसरलेलो नाही. ते काम काय आहे याचा विचार करण्याआधीच मी वही काढली होती.

मी चांगलं लिहिलं. हेच वाईट झालं. नुसतं 'मैदान खराब आहे' एवढ्यावर न थांबता मी खड्डे लिहिले, खडे लिहिले, पावसाळ्यानंतर दोन-दोन महिने पाणी साचतं असं लिहिलं, खेळाडूंच्या पायाला इजा होण्याचा संभव आहे असंही लिहिलं. शाळेत निबंधाला सर मुद्दे वाढवायला सांगत, तसे मी मुद्दे वाढवले.

रविवारी सकाळी अण्णा, मी आणि पत्र मैदानावर गेलो. आप्पा फक्की मारत होते. त्यांची रेघ पुरी होईपर्यंत आम्ही थांबलो.

"काय लिवलंयस, वाच," आप्पा म्हणाले.

मी एकेक ओळ मराठीत करून वाचली. खड्ड्यांपाशी त्यांनी मला थांबवलं.

"कुठं हाय खड्डा? दाव मला."

"आप्पा, ते तसं लिहायला लागतंय."

"दाव की. मी आत्ता बुजवतो."

बांधावरच्या बायका हसायला लागल्या. अण्णाही हसले. "अवो, खड्डा न्हाय म्हणून भांडणारा मानूस मी पयल्यांदा बघितला," ते म्हणाले. आप्पा मात्र हसले नाहीत. हाताला लागलेली फक्की ते पँटला पुसत राहिले.

"मी सकाळी उठून खडे वेचतोय," ते मला म्हणाले, अण्णांना नाही. "आणि मीच सही करू व्हय, खडे हायत म्हणून?"

तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहितो. मी म्हणालो, "आप्पा, कागदावरचं निराळं असतंय. तुम्हाला त्यातलं कळत न्हाय."

आप्पांनी माझ्या हातातून पेन घेतलं. त्यांना सही करायला वेळ लागतो, अक्षर अक्षर जोडून करतात. कागदाच्या कडेला फक्कीचा पांढरा अंगठा उठला. मी तो फुंकर मारून झटकला.

घरच्या मॅच दक्षिणेत सुरू झाल्या. त्यातल्या एकीला मी आणि आप्पा गेलो. अण्णांनीच बसमध्ये जागा दिली. आप्पांनी सोबत फक्कीचा डबा आणि दोरी घेतली होती. मी नको म्हटलं तर म्हणाले, "लागलीच तर असावी." तिथल्या मैदानावर रेघा कायमच्या होत्या. आप्पा वाकून गवताला हात लावायला गेले आणि तसेच माझ्याकडं वळले.

"प्लास्टिकचं हाय रं हे."

लाउडस्पीकरवर कन्नडमधून आमचं नाव यजमान संघ म्हणून पुकारलं गेलं. दिवे लख्ख होते. एवढ्या मोठ्या गॅलरीत थोडी माणसं होती, तीही त्या शहराच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या विरुद्ध संघाच्या बाजूची. आमच्या पोरांना शिव्या द्यायलाही कुणी नव्हतं. आम्ही तीन गोलांनी हरलो. परतीच्या बसमध्ये गोलकीपर म्हणाला, "एक मर्द शिंकला न्हाय गा. कसं जिंकणार?" पोरं हसली. आप्पांनी डब्याची पिशवी निपाणीपर्यंत मांडीवर धरली होती.

एका वर्षाची दोन वर्षं झाली. पैसे येत होते, क्लब तरला होता, आणि पैशांची सवय लागली होती. आमच्या मैदानावर पोरं सरावाला येत, पण मॅच होत नव्हती. बायका रविवारी आपापल्या दारात बसून विड्या वळू लागल्या. आप्पा सकाळची फेरी मारतच होते. फक्की मात्र त्यांनी बंद केली. कुणासाठी मारायची, असं ते आईला म्हणाले. मी तोवर बेळगावला कॉलेजात आलो होतो, हॉस्टेलवर राहत होतो.

मग मैदानाच्या खांबाला नोटीस चिकटवली गेली. मैदान खेळण्यास अयोग्य असून तिथं सामने होत नाहीत, असं क्लबनंच लेखी कळवलेलं असल्यामुळं ही जागा ट्रक उभे करण्यासाठी देण्याचा विचार आहे. हरकत असल्यास कळवावं. त्यात माझीच वाक्यं होती. खड्डे, खडे, साचलेलं पाणी, इजेचा संभव, सगळं माझ्याच क्रमानं. अण्णांनी फोटो पाठवला होता. तो मी हॉस्टेलच्या जिन्यात उभा राहून वाचला, आणि नंतर बराच वेळ जिन्यातच बसून राहिलो.

त्या शनिवारी गावी गेलो. आप्पा जेवत होते. मी समोर बसलो. त्यांनी विचारलं, "मेसचं जेवण बरं असतंय का?" मी व्हय म्हणालो. नोटिशीबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

हॉस्टेलवर परत येऊन मी दुसरं पत्र लिहिलं. यात मुद्दे वाढवले नाहीत. पहिल्या पत्रातला मजकूर खरा नाही, नियमात बसावं म्हणून तसं लिहिलं, मैदान चांगलं होतं आणि आहे, ते रोज सांभाळलं जातं, तरी ते क्लबकडंच ठेवावं. एवढंच. अण्णांनी ते दोनदा वाचलं.

"लई खरं लिवलंयस रं," ते म्हणाले. कौतुक करताहेत की काळजी, ते मला कळलं नाही. त्यांनी शिक्का मारला आणि पत्र खात्याच्या बेळगावच्या ऑफिसात दिलं.

तिथं सुनावणी होणार असं कळलं. मी मनाशी ठरवलं होतं, त्या दिवशी जायचं, साहेबांसमोर उभं राहायचं आणि ते पत्र मीच लिहिलं म्हणून सांगायचं. काय बोलायचं ते कन्नडमध्ये पाठही केलं होतं. घरी फोन केला की पहिलं तारखेचं विचारायचो. आई म्हणायची, "अजून काय न्हाय. तू पेपरचं बघ." माझी परीक्षा सुरू झाली. शेवटचा पेपर झाल्यावर मी अण्णांना फोन लावला.

"सुनावणी झाली की," ते म्हणाले. "मागल्या सोमवारी."

मागल्या सोमवारी मी त्या ऑफिसापासून चालत वीस मिनिटांवर बसून पेपर लिहीत होतो.

"मला का सांगितलं न्हाय?"

"तुझ्या आप्पानं सांगू दिलं न्हाय." मग अण्णांनी सगळं एका दमात सांगितलं. साहेबांनी दोन्ही पत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. विचारलं, यातलं खरं कुठलं? दुसरं खरं असंल तर पयल्यात सरकारला खोटं लिहून दिलंय. ते कुणी लिहिलं त्याचं नाव सांगा, त्याच्यावर केस होईल. "मी गप बसलो बाबा. माझ्या तोंडातनं तुझं नाव कसं निघंल? तवर तुझा बाप उठून उभा राहिला."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, साहेब, पयलंच खरं. मैदान खराबच हाय. इतकी वर्षं मीच बघतोय, मला ठावं हाय. खड्डे हायत, खडे हायत, पानी साचतंय. ते समदं मीच सांगितलं आणि दुसऱ्यानं नुसतं उतरून काढलं. आणि दुसरं पत्र पोरानं मायेपोटी लिवलंय, तिथंच वाढलाय म्हणून. ते धरू नका." फोनवर अण्णांच्या दुकानातला तराजू खणखणल्याचा आवाज आला. "साहेबांनी जबाब लिहून घेतला. तुझ्या आप्पानं सही केली. जागा गेली रं."