चावीवाल्याचा अँटेना

बत्तीस वर्षं ज्या माणसाने मुलुंडला पाणी सोडलं, त्या माणसाला आता रोज सकाळी साडेआठला कुलूप लागायचं. खोटं नाही सांगत. कुंडलिक खिल्लारे म्हणजे पालिकेच्या पाणी खात्यातले चावीवाले. खांद्यावर छातीएवढी उंच लोखंडी चावी, रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी आत बसवायची आणि फेरे मोजत व्हॉल्व्ह उघडायचा. त्यांनी चावी फिरवली की अख्ख्या गल्लीतले नळ बोलायला लागायचे. आणि आता त्यांच्याच घराची चावी मुलाच्या खिशात. घ्या!

मुलाचं साफ चुकलं म्हणावं तर तशीही सोय नाही, हीच तर पंचाईत. मुंबईत आल्यापासून आप्पांनी, म्हणजे घरात आणि बिल्डिंगीत कुंडलिकरावांना सगळे आप्पाच म्हणायचे, एकही सहा डिसेंबर चुकवला नव्हता. चैत्यभूमीवर वंदना झाली की शिवाजी पार्कात त्यांच्या मंडळाची पाण्याची पिंपं लागायची. नळ कोण सांभाळणार, तर आप्पा. ग्लास कोण भरून देणार, तर त्यांच्या बायको चंपाबाई. चंपाबाई गेल्या, तरी आप्पा जातच राहिले. गेल्या वर्षी मात्र त्या गर्दीत त्यांना एकदम आपण कुठे राहतो तेच आठवेना. नाव सांगता आलं, वाशीम जिल्ह्यातलं गाव सांगता आलं, मेलेल्या बैलाचं नावसुद्धा सांगता आलं. पण बिल्डिंगचं नाव? छे! हरवले-सापडलेल्यांच्या तंबूत पाच तास बसून होते. कुणीतरी त्यांच्या डायरीतून आकाशचा नंबर काढला तेव्हा तो पळत आला आणि सगळ्यांसमोर बापाच्या गळ्यात पडून रडला. डॉक्टर म्हणाले, विसरण्याची सुरुवात आहे, एकटं सोडू नका.

एकटं सोडू नका म्हणे! सांगायला काय जातं? आकाश एका लॅबमध्ये, सून सपना ऐरोलीच्या कंपनीत, दोघं जातात ते थेट सातला येतात. मग उरलं काय? बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप. हवा यावी म्हणून आतलं लाकडी दार सताड उघडं, आणि बाहेर लोखंडी जाळी.

अकरा महिने असेच गेले. नोव्हेंबर लागला तसा आप्पांचा जीव वरखाली व्हायला लागला. एका रात्री जेवताना त्यांनी विषय काढलाच.

"आकाश, सहा तारखेला शनिवार आहे."

"आप्पा, या वर्षी नाही. माझ्या गळ्याची शपथ. संध्याकाळी मोबाईलवर दाखवतो ना सगळं."

"शिळं?"

"शिळं काय त्यात? तेच तर असतं."

या पोराला सांगायचं कसं? सगळे उभे राहतात तेव्हा उभं राहायचं असतं. संध्याकाळी सोफ्यावर बसून, पोराच्या हातातल्या मोबाईलमध्ये डोकावून वंदना होते का? आणि खरं कारण तर त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आजकाल सकाळी कधीकधी चंपाचा चेहरा आठवायला वेळ लागायचा. पुढच्या वर्षी सहा डिसेंबर म्हणजे काय, हेच आपल्याला कळलं नाही तर? हे वर्ष हातातलं. हे गेलं तर गेलंच, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या घरातल्या विनिताला जाळीतून एवढंच सांगितलं, वंदना चालू असतानाच बघायचीय. विनिताचं माहेर खारदांड्याचं, कोळ्यांची पोरगी. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली की खालचा वॉचमन ताडकन उभा राहतो. जेवणाचे डबे करायची, त्यामुळे दिवसभर घरीच.

"आप्पा, तुमचा तो शटरवाला टीव्ही आहे ना?"

होता. बाबासाहेबांच्या शताब्दीच्या वर्षी, एक्याण्णव साली, चंपाबाईंनी हट्टाने घ्यायला लावलेला, लाकडी शटरचा. केबल कधीच काढून टाकलेली, कारण पोरं सगळं मोबाईलवर बघायची. टीव्ही कोपऱ्यात चादर पांघरून बसला होता, मालकासारखाच.

"मग झालं तर! निमेश सांगत होता, सह्याद्री हवेतून फुकट दिसतं अजून. छत्री नको, केबल नको. पण जुन्या टीव्हीला ते कळत नाही म्हणे. मधे एक डबा लागतो आणि अँटेना."

तिच्या नवऱ्याने, निमेशने, आठवड्यात दोन्ही आणलं. आता हे आत कसं द्यायचं? डबा आडवा करून जाळीतून गेला. अँटेना काही जाईना. मग आप्पांनी आतून पान्हा आणला, विनिताने बाहेरून अँटेना धरला, आणि त्याच्या काड्या सुट्या करून एकेक आत घेतली. तुरुंगात डबा पोचवतात तसा प्रकार. आकाशला सांगायचं नाही, संध्याकाळी सगळं चादरीखाली, असं दोघांनी ठरवलं. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, नवा टीव्हीच घेऊ. आणि तो नवा टीव्ही गेली दोन वर्षं येतच होता.

अँटेना लागला, डबा लागला, पण घोडं पेंड खातं कुठे? डब्याच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या तीन वायरी आणि आप्पांच्या टीव्हीला मागे एकच गोल भोक! निमेश जाळीबाहेरून टॉर्च मारून बघत म्हणाला, "आप्पा, मधे कन्व्हर्टर लागेल. आता मिळायचा नाही कुठे." सगळ्यांनी हातपाय गाळले. रात्री पडल्या पडल्या आप्पांना आठवलं, आकाश लहानपणी टीव्हीला गेम जोडायचा, त्याला असलाच पत्र्याचा चपटा डबा होता. सकाळी पोरं गेल्यावर स्टुलावर चढून, जिवावर उदार होऊन, त्यांनी माळ्यावरून तो काढला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या माणसाला बिल्डिंगचं नाव आठवत नाही त्याला पोराच्या गेमचा डबा बरोबर आठवला.

तो मधे जोडून टीव्ही तीन नंबरच्या चॅनलवर लावला आणि डब्याची निळी पाटी पडद्यावर उमटली. आप्पा एवढे खूश झाले की विनिताने जाळीतून दिलेला लाडू त्यांनी पहिला टीव्हीपुढे ठेवून त्यालाच दाखवला.

पण चित्र? नाव नको. आणि इथे आप्पांनी ती चूक केली जी त्यांच्या वयाचा कुठलाही माणूस करेल. जुन्या काळी अँटेना फिरवायचा म्हणजे आधी मुंग्या दिसायच्या, मग मुंग्यांत भुतासारखं माणूस, मग माणूस स्पष्ट. आप्पा मुंग्यांची वाट बघत बसले. अँटेना खिडकीत धरला, मोरीत धरला, कपाटावर उभा केला. दोन दिवस. मुंगी एक नाही! नव्या डब्याला मुंग्या माहीतच नसतात. असलं तर लखलखीत, नाहीतर काळं. आणि चॅनल एकदा सापडेपर्यंत, दर वेळी अँटेना हलवला की रिमोटवर पुन्हा शोधायचं बटण दाबावं लागतं. आप्पा दाबतच नव्हते. तिसऱ्या दिवशी निमेशने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो आप्पा, शोधल्याशिवाय तो कुठनं दाखवणार?"

"आमच्या वेळी आम्ही शोधत नव्हतो. ते स्वतःच यायचं," आप्पा चिडून म्हणाले.

मग शोधून शोधून कळलं ते असं. घराच्या सगळ्या खिडक्या डोंगराकडे. दूरदर्शनचा वरळीचा टॉवर नेमका उलट्या बाजूला, पॅसेजच्या टोकाची झरोक्याची खिडकी आहे तिकडे. म्हणजे सिग्नल होता, पण जाळीच्या बाहेर. जाळीला अँटेना टेकवला की चित्र गडप, लोखंड खातं. जाळीतून वीतभर बाहेर, थोडा तिरका, हातात धरला की सह्याद्री असं स्वच्छ की बातम्या देणाऱ्या बाईच्या कानातलं दिसावं. झाडूच्या काठीला बांधून बघितलं, काठी लवते. म्हणजे धरायला माणूस पाहिजे, आणि तोही बाहेर. आतल्याने धरला तर पाठ टीव्हीकडे.

"मी धरते आप्पा," विनिता म्हणाली. "सहा तारखेला डब्यांना सुट्टी. पाट टाकून बसते इथे. तुम्ही आत आरामात उभे राहा."

सहा तारखेला आप्पांनी पहाटे आंघोळ केली. सपनाने इस्त्री केलेला पांढरा सदरा-पायजमा घातला. सपनाला वाटलं, फोटोला हार घालायचाय म्हणून. साडेआठला कुलूप लागलं. आप्पांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरींना हार घातले, मेणबत्त्या लावल्या, डबा लावला, अँटेनाच्या काड्या एकेक बाहेर सरकवून जाळीतून हात घालून जोडल्या आणि हाक मारली, "विनिता!"

समोरच्या दाराला कुलूप होतं. असली कशी वेळ ही! पहाटे माहेरून फोन आला होता, आई पडली, दवाखान्यात न्यायचंय. विनिता आणि निमेश तसेच निघून गेले होते. आप्पांना हे काय माहीत? त्यांनी चार हाका मारल्या. मग वॉचमनला. पॅसेजमध्ये चिटपाखरू नव्हतं.

जाळीबाहेर अँटेना धरला तसा आतून टीव्हीचा आवाज यायला लागला. निवेदक सांगत होता, रांग कुठवर गेलीय. आप्पांनी अँटेना सोडला आणि टीव्हीकडे गेले. पडदा काळा. पुन्हा दाराशी आले, हात बाहेर काढला. आवाज आला. सोडला, काळं. धरला, आवाज. तीनदा झालं. चौथ्यांदा आप्पा गेलेच नाहीत. जाळीला गाल लावून, उजवा हात खांद्यापर्यंत बाहेर काढून ते तसेच उभे राहिले. दिसत नाही तर नाही, ऐकू तर येतंय.

इकडे विनिताला दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर आठवण झाली. "मेले मी!" म्हणत तिने आकाशला फोन लावला आणि काही लपवलं नाही. "हे बघ आकाश, तू मला नंतर काय बोलायचं ते बोल. तुझा बाप आत्ता जाळीतून हात काढून उभा असेल. आधी घरी जा. रिक्षा कर, उडत जा, पण जा!"

आकाश जिना चढून वर आला तेव्हा वंदना सुरू झाली होती. पॅसेजभर त्रिशरण घुमत होतं. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जाळीतून पांढऱ्या बाहीतला एक हात बाहेर आलेला, त्यात अँटेना. आप्पांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते.

"आप्पा!" त्याने घाईघाईने खिशातली चावी काढली.

"कुलपाला हात लावू नको! दार हललं की जातं. आधी हे धर."

त्याने धरला.

"थोडा वर. डावीकडे. बास!" आप्पा आत पळाले, खरोखर पळाले, आणि आतून त्यांचा तो जुना आवाज आला. "आलं! हलू नको तिथनं!"

आकाशला जुनी चाळ आठवली. चाळीच्या पत्र्यावर तो आठ वर्षांचा उभा असायचा, हातात अँटेना, आणि खालून हाच आवाज यायचा. तेव्हा पाच मिनिटांत त्याच्या पायाला मुंग्या यायच्या आणि तो रडकुंडीला यायचा. आज तो हलला नाही. खिशातला फोन वाजत राहिला. वरच्या मजल्यावरच्या वनमालाबाई जिना उतरताना थबकल्या, "काय रे, बापाला कोंडून बाहेर काय उभा?" म्हणाल्या.

उभ्या उभ्या त्याला पहिल्यांदाच आपलं घर बाहेरून, जाळीतून दिसत होतं. पलीकडे आप्पांची पाठ, ताठ, हात जोडलेले. आणि अलीकडे, जाळीला अगदी खेटून, एक खुर्ची. दाराकडे तोंड केलेली. खुर्चीशेजारी पाण्याची बाटली, चष्म्याचं घर, अर्धी खाल्लेली बिस्किटं. आप्पा दिवसभर सोफ्यावर आडवे असतात असं तो लोकांना सांगायचा. ते इथे बसतात. पॅसेजकडे बघत. त्याला भडभडून आलं, पण अँटेना हातात होता, डोळे पुसायचीही चोरी.

तासाभराने आतला आवाज थांबला. आप्पा दाराशी आले. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता.

"आपल्या मंडळाची पिंपं दाखवली रे. नळ ठिबकतोय एकाचा. मी असतो तर ठिबकू दिला नसता." मग त्यांनी मुलाच्या हाताकडे बघितलं. "हात दुखला?"

"नाही."

"खोटं बोलू नको. तासभर एका जागी उभं केलं की माणूस दुखतोच. मी वर्षभर आहे."

आकाशने अँटेना खाली ठेवला, कुलूप काढलं, दार उघडलं. "चला आप्पा. आत्ता दादरला जाऊ. मी येतो बरोबर."

आप्पा उंबऱ्यावर आले आणि थांबले. त्यांनी पॅसेज बघितला, जिना बघितला आणि भिंतीला हात टेकला. खरं सांगायचं तर त्यांना भीती वाटली.

"एकदम नको. बंद पडलेल्या लाईनचा व्हॉल्व्ह एका दमात उघडला की पाईप फुटतो. पाव फेरा फिरवायचा, मग थांबायचं. एक चावी विनिताकडे ठेव. ती मला रोज चारला खाली नेईल, झाडाखाली बसवील."

"बरं."

"आणि पुढच्या सहा तारखेला तू मला घेऊन जा. मी नको म्हणालो, कुठे नेतोस म्हणालो, तू कोण म्हणालो, तरी ने. मला आठवत नसलं तरी ने. बाकीच्यांना आठवत असतं. त्यांच्यात नेऊन उभं कर मला."

आकाशने मान हलवली. मग बापाचा उजवा हात धरला आणि जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत नेलं. आप्पा एक पायरी उतरले, थांबले, आणि "पाव फेरा," म्हणत तिथेच खाली बसले.