रिकामं जातं

धाराशिवात गाण्याची बैठक म्हणजे बाईसाहेबांच्या बंगल्यावरची. गेली आठ वर्षं मी तिथं तबल्याला असतो, पण त्यांना एक अख्खी चीज बसून ऐकताना मी कधी पाहिलं नव्हतं. गाणं रंगात आलं की त्या उठणार, सतरंजीची दुमडलेली कड सरळ करणार आणि कुणाच्या तरी कानाशी पुटपुटणार, "चहा मिळाला ना?" त्यांच्या बांगड्यांच्या किणकिणाटानं माझा ठेका कितीदा हलला असेल!

मागच्या बैठकीला त्यांनी तेर गावच्या एका म्हातारीला ओव्या गायला बोलावलं. पाहुण्यांसमोर शोभेला जातंही मांडलं. म्हातारी हात मागं घेत म्हणाली, "रिकामं जातं ओढत न्हाईत, बाईसाहेब. घराला बरं नसतंय."

मंडळी हसली. बाईसाहेब हसल्या नाहीत. त्यांनी आतून सूपभर ज्वारी आणली आणि पैठणी आवरून स्वतःच समोर बसल्या. ओवी सुरू झाली. म्हातारीबरोबर त्या खुंटा ओढत होत्या आणि डाव्या हातानं, न बघता, जात्याच्या तोंडात घास टाकत होत्या. बांगड्या वाजत होत्या, पण तालात. माझी बोटं मांडीवर नुसती वळवळत राहिली.

ओव्या संपल्या. टाळ्या झाल्या, लोक जेवायला उठले. सूप कधीच रिकामं झालं होतं, तरी बाईसाहेब ओढतच होत्या. दगडावर दगड घासल्याचा आवाज दिवाणखानाभर घुमायला लागला.

म्हातारीनं त्यांच्या हातावर हात ठेवला.

"सोड पोरी आता. दाणं संपलं."