बाजारात वाचलेली पाटी

परवा निपाणीला उतरले आणि तंबाखूच्या वासानं नाक झणझणलं. लगेच आई आठवली.

स्वातंत्र्याच्या आधीची गोष्ट. आई मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. शाळा सुटल्यावर देवळाच्या ओवरीत ती तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांना अक्षरं शिकवायची. एका संध्याकाळी देवळाचे पंच आले. "बाई, ह्यांच्या अंगाला तंबाखूचा वास लई येतोय. उद्यापासनं ओवरी मिळायची न्हाय."

"उद्यापासनं कशाला?" म्हणत आईनं माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेतलं. "चला गं, माझ्या घरी बसू."

भर बाजारातून आम्ही निघालो. आपल्याला हाकलून दिलं, एवढंच मला तेव्हा कळलं. आज वाटतं, ती आईची मिरवणूकच होती.

वाटेत त्या बायकांतली गंगूआक्का एका दुकानासमोर थांबली आणि पाटीवरची अक्षरं मोठ्यानं जुळवू लागली. "कि... रा... णा. किराणा. व्हय की न्हाय, बाई?"

दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून बाहेर आला. येणारीजाणारी माणसं थबकली. आईचे डोळे भरले होते, पण आवाज वर्गातलाच होता.

"व्हय. आता पुढच्या दुकानाची वाच, आक्का."