स्वच्छ रेकॉर्डिंग

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भिंगरी म्हणतात. हा रांगलाच नाही, थेट पळायला लागला, असं आई सांगायची. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा बसवणं हे त्याचं काम. तांदळाच्या कणीएवढा स्क्रू चिमट्याने उचलून अचूक जागेवर ठेवायचा, तेही गिऱ्हाइकाशी गप्पा मारत. घरी आला की संगणकावर गाड्यांची शर्यत. लग्न नाही, व्यसन नाही, मित्र सगळे स्क्रीनच्या आत. मी म्हणायचे, "अरे, जरा माणसांत मिसळ." तर म्हणे, "ताई, मी जगभरच्या माणसांत मिसळतो, तू फक्त गल्लीतल्या." घ्या! आता याला काय बोलायचं?

आईला ज्या आजाराने नेलं तो बोटांपासून सुरू झाला होता. आधी सुईत दोरा जाईना, मग बटणं लागेनात, मग चमचा धरवेना. हे रक्तातून पुढे येऊ शकतं, असं डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. त्यानंतर घरात आम्ही तो विषय काढलाच नाही. न बोलल्याने जसा काही टळणारच होता तो आजार!

म्हणून एक दिवस भिंगरी म्हणाला, "ताई, शर्यतीत दीपगृहाजवळच्या वळणावर माझी गाडी घसरायला लागलीय," तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. पण लगेच तो पुढे म्हणाला, "मी ब्रेक वेळेवरच दाबतो गं. रेकॉर्डिंग सुरू केलं की मशीन अडकतं." मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू! देव भलं करो त्या मशीनचं.

त्याच्या शर्यतवाल्या मंडळींचा नियम मोठा कडक. विक्रम केला म्हणायचं तर अख्ख्या शर्यतीचं रेकॉर्डिंग पाठवायचं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात छोटे चौकोन दिसले पाहिजेत. जी कळ दाबाल तिचा चौकोन उजळतो. चित्र मध्येच थबकलं, उडी मारून पुढे गेलं, की यांना कापाकापीचा संशय येतो आणि रेकॉर्डिंग परत. भिंगरीची एकामागून एक परत येत होती. "एकदा मशीन नीट होऊ दे, मग बघ," तो म्हणायचा.

शेवटी मीच पदर खोचला. मी ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात फोन घेणारी बाई, मला यातलं डोंबल कळत नाही. पण दोष मशीनमध्ये सापडायलाच हवा होता. तिथे नाही सापडला तर कुठे शोधायचा, ते मला पक्कं ठाऊक होतं.

"अडकतं म्हणजे काय, नीट सांग."

"गेमचं चित्र ग्राफिक्स कार्ड काढतं. त्याच कार्डात एन्कोडर म्हणून एक भाग असतो, तो ती चित्रं आवळून फाइलमध्ये भरतो. बाकी मशीनवर भार येत नाही."

"मग अडकतं कशाला?"

"तेच तर कळत नाही ना!"

कार्ड चालवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नवा घातला. मग जुना घातला. दर सेकंदाला किती माहिती लिहायची तो आकडा निम्म्यावर आणला. चित्र गढूळ झालं, अडकणं तसंच. फाइल दुसऱ्या डिस्कवर टाकून पाहिली. संगणकाचा डबा उघडून धूळ झाडली, तर मला शिंका आणि मशीन ढिम्म. दर वेळी भिंगरी खुर्चीत सावरून बसायचा, शर्यत सुरू व्हायची, दीपगृह यायचं आणि गाडी कठड्यावर. "बघ, अडकलं!" रेकॉर्डिंग लावलं की चित्र खरंच ठेचकाळायचं. कोपऱ्यातला चौकोन कधी उजळला, कधी विझला, काही म्हणता काही कळायचं नाही. खोटं कशाला बोलू, मला ते ठेचकाळणं बघून बरं वाटायचं.

दुकानाच्या मालकीणबाई रस्त्यात भेटल्या. "तुमचा भाऊ हल्ली स्क्रू फार सांडतो हो," म्हणाल्या.

"स्क्रूच हलके आणलेत तुम्ही!" मी त्यांच्यावरच उखडले. मी घरापर्यंत तरातरा चालत आले आणि दारात पोचल्यावर कुलूप उघडायचं सोडून पायरीवरच बसले.

रविवारी दुपारी मंडळींतल्याच कुणीतरी भिंगरीला लिहून पाठवलं, गेम चालू असताना कार्ड किती वापरात आहे ते बघ. पाहिलं तर पूर्णच्या पूर्ण! गेमला लगामच नव्हता. पडदा दाखवू शकेल त्याच्या कितीतरी पट चित्रं तो काढत सुटला होता. एन्कोडर बसला होता रिकामा, पण रेकॉर्डिंगचं चित्र जुळवून त्याच्या हाती द्यायला कार्डच लागतं, आणि कार्डाला सवड कुठली?

"म्हणजे घोडं इथं पेंड खातंय होय!" मी ओरडलेच. गेमला सेकंदाला साठ चित्रांची मर्यादा घातली. रेकॉर्डर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडला, म्हणजे कार्डावर त्याचा वाटा राखीव राहतो. भिंगरीने बोटं कडाकडा मोडली आणि शर्यत सुरू केली.

चित्र कुठे म्हणून थबकलं नाही. दीपगृह आलं. गाडी कठड्यावर आदळली.

"अडकलं," तो म्हणाला.

रेकॉर्डरच्या खिडकीत गळालेल्या चित्रांच्या आकड्यापुढे शून्य होतं, म्हणजे एकही सुटलं नव्हतं. ते त्यालाही दिसत होतं.

त्याने रेकॉर्डिंग लावलं आणि एकेक चित्र पुढे सरकवायला लागला. रस्त्यावरचा पांढरा पट्टा आला, ज्यावर तो इतकी वर्षं ब्रेक दाबत आलाय. ब्रेकचा चौकोन काळा. पट्टा मागे गेला, तरी काळाच. बऱ्याच पुढे चौकोन उजळला, विझला, परत उजळला, परत विझला.

"कळफलक खराब असेल," मी म्हणाले. "नवीन आणू. आत्ता आणू, चल, ऊठ!"

तो उठला नाही. उजवा हात त्याने डाव्या हाताखाली दाबून धरला होता.

"ताई, आईचं पण असंच होतं का गं, सुरुवातीला?"

"गप्प बस!" मी खेकसले. "आईचं काही असं नव्हतं."

असंच होतं. अगदी असंच होतं.

मग तो हळूच म्हणाला, "ती साठची मर्यादा काढून टाकतेस?"

"अरे, मग परत अडकेल."

"अडकू दे. आजच्या दिवस अडकू दे ना गं."

डॉक्टरांना फोन लावायला हवा, हे कळत होतं मला, का नाही कळणार! पण त्याचा चेहरा बघवेना. मी माऊस हातात घेतला, मर्यादा काढली आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. चित्र परत ठेचकाळायला लागलं. अंधार पडेपर्यंत तो खेळत राहिला, आणि गाडी आदळली की दर वेळी आम्ही बहीणभाऊ मिळून त्या मशीनला तोंडाला येतील त्या शिव्या घालत राहिलो.