ओव्हाळकाकांची फाइल

ओव्हाळकाका लिहिलेलं कधी पुसून टाकत नसत. ब्राउझरमध्ये फाइल उघडली की चुकलेल्या ओळीवर आडवी रेघ मारायचे, शेजारी 'ग. ओ.' अशी सही टाइप करायचे आणि मग खाली बरोबर ओळ लिहायचे. तपासणीच्या कागदावर व्हाइटनर चालत नाही, चुकलेला आकडाही वाचता आला पाहिजे, हा कारखान्यातल्या शॉपवरचा नियम त्यांच्या हाडीमाशी खिळला होता. "अहो काका, इथे डिलीट करता येतं!" मी वैतागायचे. "येतं ना. पण लपवायचं कशाला, मॅडम? चुकलो तर चुकलो."

आमची कंपनी निघोज्याजवळ. काका रिटायर व्हायच्या आत तपासणीचं त्यांच्या डोक्यातलं सगळं फाइलमध्ये उतरवून घ्या, असा मला साहेबांचा हुकूम होता. म्हणून पहिली शिफ्ट सुटली की ते माझ्या टेबलाशी येत आणि दोन बोटांनी टाइप करत बसत. त्यांना एक 'क्ष' सापडेपर्यंत माझा चहा गार व्हायचा.

एकदा त्यांनी मधेच विचारलं, "मॅडम, फाइल वाचल्यावर माणूस उत्तर किती दिवसांनी देतो हो?"

"कोण माणूस?"

"सुजाता. आमची मुलगी."

सुजाता कोल्हापूरला असते. चार वर्षांपूर्वी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हा काका म्हणाले होते, "माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस." तिने ठेवलं नाही. पुढे काकूही गेल्या आणि दापोडीच्या घरात हे एकटेच उरले. फोन का करत नाही, विचारलं तर म्हणाले, "फोनवर माझा आवाज चढतो. लिहिताना चढत नाही."

त्यांनी स्वतःच्या खासगी अकाउंटमध्ये 'सुजाता' नावाची फाइल केली होती, ती मला उघडून दाखवली. सहा महिने रोज लिहीत होते. आज वांगी केली, करपली. तुझ्या आईचा चष्मा सापडला. एका जागी 'तुझंही चुकलंच' यावर रेघ, सही आणि खाली 'माझं चुकलं.'

कंपनीत आम्ही केलेली फाइल आपोआप सगळ्या डिपार्टमेंटला दिसते. मुलीचं नाव दिलं म्हणजे तिला दिसणार, असा त्यांचा हिशेब. फाइल कुणाकुणाला दिसते ते मी उघडून पाहिलं. ती फाइल त्यांच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हती.

कसंबसं सांगितलं. ते चक्क हसले. "म्हणजे ती गप्प नव्हती बसली. तिला मिळालंच नव्हतं."

तिचा मेल त्यांना पाठ होता. "रेघा मारलेल्या ओळी काढू का?" मी विचारलं. "राहू दे. तिला कळू दे, मी आधी काय लिहिलं होतं ते." तिलाही लिहिता येईल अशी ती फाइल मी तिला शेअर केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती उघडून बसलो होतो. साडेतीनला स्क्रीनच्या कोपऱ्यात सुजाताचं नाव उमटलं. काका खुर्चीतून उठून उभेच राहिले! बऱ्याच वेळाने शेवटच्या ओळीखाली तिचा गुलाबी कर्सर येऊन थांबला आणि लुकलुकत राहिला.

"लिहा ना काका! नुसतं 'बाळा' लिहा."

त्यांनी कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर घेतले. "नको. आयुष्यभर मी तिच्या मधे मधे बोललो. आज तिला बोलू दे."

दहा मिनिटं गेली असतील. कर्सर गेला, नावही गेलं. "येईल उद्या," म्हणाले आणि बस चुकेल म्हणून निघाले. ती पुन्हा आली नाही. दोन आठवड्यांनी काका घरात झोपेतच गेले. शेजाऱ्यांना कळायला दुसरा दिवस उजाडला.

काकांच्या मागे ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी दापोडीला गेले. सुजाता तिथे होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने पहिलं तेच विचारलं. "त्या दिवशी पप्पा फाइलमध्ये होते. मला त्यांचं नाव दिसत होतं. मी सगळं वाचून शेवटी थांबले, म्हटलं आता काहीतरी लिहितील. एक अक्षर नाही. राग अजून गेला नाही का हो त्यांचा?"

मी तिला सांगितलं, हात मांडीवर घेऊन ते काय म्हणाले ते. शब्द न् शब्द सांगितला.

"बोलायला हवं होतं हो त्यांनी मधे," सुजाता म्हणाली.